तालमींतून महाविद्यालयाच्या संघांत

कोल्हापुरांत तालमींना तोटा नाहीं, आणि पहांटे लाल मातींत घाम गाळणाऱ्या शाळकरी मुलांनाहि नाहीं. तरी त्यांतील पुष्कळ मुलें शाळा सुटतांच खेळाला मुकतात. शाळेंतल्या गुणी खेळाडूला महाविद्यालयाच्या संघांत स्थान कसें मिळावें, याचें उत्तर शोधण्यास फार दूर जाण्याचें कारण नाहीं.

गोळेश्वरचे खाशाबा जाधव कराडच्या टिळक हायस्कुलांत शिकून कोल्हापुरास राजाराम महाविद्यालयांत आले. त्यांची चण लहान. वार्षिक सामन्यांसाठीं ते नांव देण्यास गेले तेव्हां ती चण पाहून क्रीडाशिक्षकांनीं त्यांना परत पाठविलें, असें सांगतात. खाशाबा तडक प्राचार्यांकडे गेले. परवानगी मिळाली, आणि त्यांनीं आपल्याहून थोराड गड्यांना चीत केलें. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें, मॅटची संवय नसतांहि, ते सहावे आले. १९५२ सालीं हेलसिंकीस जाण्यासाठीं प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकरांनीं आपलें राहतें घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. तेथून खाशाबांनीं कांस्यपदक आणलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

खाशाबांचें बळ सर्वांना दिसतें. त्यांना दार उघडून देणारा प्राचार्य फारसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. असा प्राचार्य प्रत्येकाच्या वांट्याला येतो असें नाहीं. निवड करणारा मुलाला घटकाभर पाहतो आणि पुष्कळदां अंगलटीवरूनच मत बनवितो. म्हणून मुलाची कामगिरी कागदावर हवी. तालुका, जिल्हा, विभाग व राज्य या पायऱ्यांनीं चालणाऱ्या शालेय स्पर्धांचें प्रत्येक प्रमाणपत्र जपावें. त्यावरील नांव व जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशीं अक्षरशः जुळते कीं नाहीं, हें तें हातीं येतांच पाहावें. एका अक्षराच्या फरकानें ऐन वेळीं मुलगा अडतो. घरोघरीं चषक फडताळांत मिरवतात आणि प्रमाणपत्रें माळ्यावर उंदरांच्या स्वाधीन होतात, हा अनुभव कांहीं विरळा नाहीं!

दुसरी गोष्ट मॅटची. मातींत पाठ लागली कीं निकाल. धीर धरणाऱ्याला तेथें उसंत असते. मॅटवर वेळ बांधलेली आणि गुण क्षणोक्षणीं मोजले जाणारे. महाविद्यालयीन सामने मॅटवर होतात. तेव्हां निदान शेवटचीं दोन वर्षें मुलानें दोन्हीकडे सराव करावा, आणि नियम वाचून समजून घ्यावेत.

वजनाच्या बाबतींत मात्र घाई नको. पाणी तोडून, घाम काढून खालच्या गटांत शिरण्याचा मोह घातक आहे. १९९७ सालीं अमेरिकेंत असें वजन उतरवितांना महाविद्यालयांतील तीन मल्ल दगावले, आणि तेथील नियम बदलावे लागले. वाढत्या वयाच्या मुलाला ज्या गटांत अन्न पोटभर खातां येतें, तोच त्याचा गट.

संघांत येण्यासाठीं आधीं महाविद्यालयांत प्रवेश मिळाला पाहिजे. बारावींत नापास झालेला मल्ल हौद्यांत कितीहि भारी असो, त्याला आंतरविद्यापीठ सामन्यांची वाट बंद होते. प्रवेशाच्या दिवसांत पालकांनीं जिमखान्याच्या प्रमुखांना समक्ष भेटावें. खेळाडूंसाठीं जागा किती, वसतिगृह मिळेल काय, सामन्यांमुळें बुडालेल्या तासांची सोय कशी होते, आणि खुराकाचा भार कोण उचलतो, हें सारें फी भरण्यापूर्वींच विचारावें.