पडदा काळा झाला म्हणून मशीन मेलं का?

रात्रीचे दीड वाजले होते. सकाळी दहाला फायनल इयर प्रोजेक्टचे सबमिशन. आमच्या विंगमधला एक मित्र रिपोर्टचे शेवटचे पान टाइप करत होता, आणि लॅपटॉपचा स्क्रीन एकदम काळा झाला. पंखा फिरतोय, पॉवरचा दिवा लागलेला आहे, पण समोर मिट्ट अंधार. पाच मिनिटांत निम्मी विंग रूममध्ये जमली आणि फुकटचे निदान सुरू झाले. "मदरबोर्ड उडाला." "व्हायरस असणार." "लिनक्स टाकलंस ना, आता भोग!" आणि शेवटी आपल्या होस्टेलचा रामबाण उपाय : "फॉरमॅट मार रे, सगळं ठीक होईल!"

मित्राचा हात पॉवर बटणाकडे गेलाच होता. तेवढ्यात शेजारच्या रूममधला सीनियर आत आला. "थांब! बंद करू नकोस आणि झाकणही मिटू नकोस. आधी कॅप्स लॉक दाब." दिवा लागला. पुन्हा दाबल्यावर विझला. "म्हणजे आत कोणीतरी जागं आहे. आता अंधारात का होईना, कंट्रोल-एस दाब."

आमच्या रूममधली सगळी मशीन एका छोट्या स्विचला केबलने जोडलेली असायची. सीनियरने माझ्या पीसीवरून मित्राच्या लॅपटॉपला पिंग केले, उत्तर आले. प्रोजेक्टसाठी मित्राने एसएसएच सर्व्हर आधीच टाकून ठेवला होता, म्हणून लॉगिनही झाले. दहा मिनिटांत रिपोर्ट, कोड, सर्किटच्या फाइल्स सगळे माझ्या डिस्कवर! शेवटचे पानसुद्धा सेव्ह झालेले होते. मग सीनियरने मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरला. विंडो अंधुक अंधुक दिसत होती. चित्र येत होते, गेला होता तो फक्त मागचा उजेड, म्हणजे बॅकलाइट. दुसऱ्या दिवशी दुकानात कळले, बिजागरीजवळची डिस्प्लेची वायर तुटली होती.

फॉरमॅट मारला असता तर स्क्रीन काळाच राहिला असता आणि प्रोजेक्ट मात्र गेला असता. त्या रात्रीपासून एक गोष्ट मनात पक्की बसली : बिघाड कुठे आहे हे कळल्याशिवाय उपाय करायचा नाही. आणि हे विचारायची सगळी साधने लिनक्समध्ये फुकट मिळतात.

चार मजली घर

आपण नुसते "पीसी बंद पडला" म्हणतो. पण पीसी म्हणजे चार मजली घर. तळमजल्यावर हार्डवेअर. पहिल्यावर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मेमरी, डिस्क, नेटवर्क कार्ड सगळे याच्या ताब्यात. दुसऱ्यावर निरनिराळ्या सर्व्हिसेस, एसएसएच सर्व्हर हा त्यातलाच एक भाडेकरू. आणि सर्वांत वर डेस्कटॉप, जो आपल्याला दिसतो. वरच्या मजल्यावरचा बल्ब गेला म्हणून घर कोसळले असे कोणी म्हणत नाही. तेव्हा एकेक दार वाजवून बघायचे.

कॅप्स लॉकचा दिवा बदलला तर आत हालचाल आहे. नाही बदलला तरी लगेच निकाल देऊ नका, कधीकधी फक्त डेस्कटॉप अडकलेला असतो.

पिंगला उत्तर कर्नल स्वतः देतो, वरच्या मजल्यांना विचारत नाही. म्हणून पिंगला उत्तर येते, पण एरवी होणारे एसएसएच लॉगिन लटकते, अशी स्थिती फार बोलकी असते. कर्नल शुद्धीवर आहे, पण बहुधा रॅम भरून गेली आहे किंवा डिस्क उत्तर देत नाही. उलट पिंगला उत्तरच नाही म्हणून मशीन मेले असेही नाही. होस्टेलच्या वायफायवर पुष्कळदा एका मशीनला दुसरे दिसू नये अशी सेटिंग असते. अशा वेळी केबल किंवा मोबाइलचा हॉटस्पॉट वापरून बघावा.

लॉगिन झाले पण स्क्रीन काळा, तर बिघाड डेस्कटॉप, ग्राफिक्स किंवा डिस्प्लेपुरता आहे. आता कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबा. अक्षरांचा साधा लॉगिन दिसला तर पॅनेल ठीक आहे, डेस्कटॉप रुसलाय. काहीच दिसले नाही तर टॉर्च धरा किंवा बाहेरचा मॉनिटर जोडून बघा.

सगळेच गोठले तरी बटण दाबून धरण्याआधी एक संधी असते. आल्ट आणि प्रिंट स्क्रीन ही बटणे धरून ठेवायची आणि थोड्या थोड्या अंतराने एस, यू, बी दाबायचे. एस म्हणजे डिस्कवर लिहायचे राहिलेले लिहून टाक, यू म्हणजे डिस्क फक्त वाचण्यापुरती ठेव, बी म्हणजे रीबूट. उबुंटूमध्ये ही तीन अक्षरे मुळातच चालू असतात, काही डिस्ट्रोंमध्ये मात्र बंद ठेवलेली असतात.

दुरून आत जायच्या वाटा

एसएसएचचा जन्मच एका दुखण्यातून झाला. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी पासवर्ड चोरून ऐकले. तेव्हाच्या टेलनेटमध्ये पासवर्ड उघडाच जायचा. तिथल्या तातू यूलोनेन यांनी सगळे संभाषण कुलूपबंद करणारा प्रोग्रॅम लिहिला. आज आपण वापरतो ती ओपनएसएसएच ही १९९९ मध्ये ओपनबीएसडीच्या मंडळींनी आणलेली मुक्त आवृत्ती. हार्डवेअर तपासायला ही काळी खिडकी पुरेशी असते. कमी नेटवर्कवरही चालते आणि ग्राफिक्स मेले तरी चालते.

समोरचा डेस्कटॉप जसाच्या तसा बघायचा असेल तर व्हीएनसी. ते केंब्रिजमधल्या ऑलिव्हेटीच्या संशोधन प्रयोगशाळेत तयार झाले आणि १९९८ मध्ये मुक्त सोर्सने बाहेर आले. स्क्रीनवरचा जो तुकडा बदलला तेवढे चित्र पाठवायचे, आणि तिकडून माउस-कीबोर्ड आणायचा, एवढी साधी कल्पना. मायक्रोसॉफ्टचे आरडीपी हे त्याचे भावंड. लिनक्सवर एक्सआरडीपी हा त्याचा सर्व्हर आहे, आणि उबुंटूच्या २२.०४ आवृत्तीपासून सेटिंग्जमधले रिमोट डेस्कटॉप आरडीपीवरच चालते. रेमिना नावाच्या एकाच प्रोग्रॅममधून व्हीएनसी आणि आरडीपी दोन्ही बघता येतात. एक्स-इलेव्हन-व्हीएनसी हे जुने साधन मात्र वेलँडच्या नव्या डेस्कटॉपवर चालत नाही. तिथे डेस्कटॉपचीच सोय वापरावी.

रिमोट डेस्कटॉपची मर्यादाही ध्यानात ठेवा. मशीन बूट होऊन नेटवर्कवर आले तरच तुम्ही आत जाणार. बायोसमध्येच अडकलेला पीसी दुरून दिसत नाही. मोठ्या सर्व्हरमध्ये यासाठी बोर्डावर वेगळी मॅनेजमेंट चिप असते, ती मुख्य मशीन बंद असतानाही बोलते. आपल्या लॅपटॉपला ते भाग्य नाही!

मशीनची डायरी

एकदा आत शिरलात की अंदाज बांधू नका, मशीनलाच विचारा. डी-एम-ई-एस-जी ही पाच अक्षरे टाइप केली की कर्नलचे बोलणे समोर येते (काही डिस्ट्रोंवर आधी सुडो लिहावे लागते). मशीन हँग होऊन रीस्टार्ट झाले असेल तर जर्नल-सीटीएल या कमांडला 'मागचे बूट' असा पर्याय देऊन मरणाआधीच्या शेवटच्या ओळी वाचता येतात. डिस्कच्या नावापुढे आय-ओ एरर दिसला तर डिस्क किंवा केबल. 'आउट ऑफ मेमरी' दिसले तर रॅम खराब नाही, कमी पडली. 'मशीन चेक' दिसले तर प्रोसेसर, रॅम किंवा उष्णता. आणि नोंद अचानक मध्येच तुटली असेल तर वीज, एसएमपीएस किंवा जास्त तापणे यांच्यावर संशय घ्यावा.

एलएस-पीसीआय आणि एलएस-यूएसबी या कमांड म्हणजे हजेरीपट. वायफाय कार्ड यादीत आहे पण चालत नाही, तर बहुधा ड्रायव्हर किंवा फर्मवेअरची भानगड. यादीतच नाही, तर कार्ड सैल झाले आहे, बायोसमध्ये बंद आहे किंवा खरोखर गेले आहे. आधी हजेरी, मग शिक्षा!

पेन ड्राइव्हवरचा साक्षीदार

क्लाउस क्नोपर यांनी २००० साली नॉपिक्स आणले आणि सीडीवरून अख्खे लिनक्स चालवायची गोडी लोकांना लागली. आता तेच काम पेन ड्राइव्हवर होते. डिस्कला हात न लावता मशीन सुरू होते, म्हणून हा निःपक्षपाती साक्षीदार. विंडोजमध्ये आवाज नाही पण लाइव्ह लिनक्समध्ये आहे? मग स्पीकर ठीक, दोष सॉफ्टवेअरचा. दोन्हीकडे नाही? मग हार्डवेअरवरचा संशय बळावला. दोन्हीकडे हँग होतो? रॅम आणि तापमान आधी बघा. फक्त डिस्कवरून चालवतानाच हँग होतो? मग डिस्क किंवा तिच्यावरची सिस्टिम.

रॅम, डिस्क आणि उष्णता

रॅमसाठी मेमटेस्ट८६+ आहे. २०२२ च्या सहाव्या आवृत्तीपासून ते नव्या यूईएफआय मशीनवरही चालते. रात्री लावून झोपायचे. एक जरी लाल ओळ दिसली तरी रॅमवर भरवसा ठेवू नका. पण फेकण्याआधी वायर काढा, हात धातूला लावून अंगातली स्थिर वीज घालवा, रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबरने हळूच पुसा, स्लॉट बदला आणि पुन्हा टेस्ट घ्या. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा.

डिस्कला स्मार्ट-सीटीएलने विचारा. हार्ड डिस्कच्या यादीत ५, १९७ आणि १९९ या क्रमांकांकडे पाहा. ५ म्हणजे बदली केलेले सेक्टर, १९७ म्हणजे संशयित सेक्टर. हे आकडे वाढू लागले की त्याच दिवशी डेटा हलवा, खाली 'पास' लिहिले असले तरी! १९९ म्हणजे डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या निरोपातली चूक, आणि ती बहुतेक वेळा केबलची असते. आमच्या लॅबमधल्या एका पीसीवर 'डिस्क बाद' अशी चिठ्ठी लागली होती. १९९ चा आकडा फुगलेला, ५ आणि १९७ मात्र शून्य. साटा केबल बदलली आणि तीच डिस्क पुढे चालू राहिली.

डिस्क खरोखर आजारी असेल तर तिच्यावर दुरुस्तीचे प्रयोग करू नका. एफएस-सीके चालवणे म्हणजे तापाने फणफणलेल्याला ग्राउंडला चकरा मारायला लावणे. लाइव्ह पेन ड्राइव्हवरून जीएनयू डीडीरेस्क्यूने आधी दुसऱ्या मोठ्या डिस्कवर प्रत काढा. ते वाचण्याजोगा भाग आधी उचलते, अडलेल्या जागा नंतर पुन्हा पुन्हा बघते आणि नोंद ठेवते, त्यामुळे मध्येच लाइट गेली तरी तिथूनच पुढे सुरू करता येते. दुरुस्ती करायची ती त्या प्रतीवर.

आणि उष्णता! सेन्सर्स ही कमांड तापमान दाखवते. गेम सुरू केला की दहा मिनिटांनी मशीन मंद होते, गादीवर ठेवला की बंद पडतो, यात व्हायरस नसतो, पंख्यात धूळ असते.

दार उघडे ठेवू नका

ज्या वाटेने मदत आत येते त्याच वाटेने चोरही येतो. जुन्या पद्धतीच्या व्हीएनसीत पासवर्डची पहिली आठच अक्षरे मोजली जातात आणि स्क्रीनचे चित्र उघडे जाते. म्हणून ते एसएसएचच्या बोगद्यातूनच न्यावे : आपल्या मशीनचे ५९०१ पोर्ट एसएसएचने त्याच्या ५९०० ला जोडायचे आणि व्हीएनसीला आपल्याच ५९०१ वर पाठवायचे. एसएसएचला पासवर्डऐवजी किल्ल्यांची जोडी वापरावी. आणि मालकाला विचारल्याशिवाय कोणाच्या मशीनमध्ये शिरणे ही गंमत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ मध्ये त्याची सोय केलेली आहे!

२०२४ सालच्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला एसएसएच लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असे जाणवले. दुसरा असता तर "नेट स्लो आहे" म्हणून सोडून दिले असते. याने मागोवा घेतला आणि एक्सझेड नावाच्या लायब्ररीत कोणीतरी लपवलेले चोरदार सापडले. जगभरच्या असंख्य सर्व्हरवर पोहोचण्याआधीच ते बंद झाले. सोर्स उघडा होता म्हणून मागोवा घेता आला, पण तो घेणारा माणूसही हवा होता.

आजच करायची तीन कामे

एक, आपल्या मशीनवर ओपनएसएसएच सर्व्हर टाका आणि रूममेटच्या मशीनवरून एकदा लॉगिन करून बघा. उबुंटू डेस्कटॉपवर तो आपोआप येत नाही, आणि स्क्रीन गेल्यावर टाकणे कठीण. दोन, आठ जीबीचा एक पेन ड्राइव्ह लाइव्ह करून विंगमध्ये सर्वांना माहीत असलेल्या जागी ठेवा. तीन, प्रोजेक्टची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा, त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर नाही!

लॅबच्या सरांना आणि मॅडमनाही एक विनंती. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ न चालणारे जुने पीसी भंगारात काढण्याआधी एकदा लाइव्ह पेन ड्राइव्हची साक्ष घ्या. त्यातले कित्येक अजून ठणठणीत निघतील.

आमच्या त्या मित्राचे सबमिशन दहा वाजता झाले. व्हायवात परीक्षकांनी विचारले, "बॅकअप कुठे ठेवता?" मित्राने माझ्याकडे बोट दाखवले. सगळे हसले, पण त्याच संध्याकाळी त्याने नवी हार्ड डिस्क आणली. तेव्हा मित्रहो, पुढच्या वेळी कोणी "फॉरमॅट मार" म्हणाले तर एवढेच विचारा : "कॅप्स लॉक दाबून बघितलंस का?"