आकाशातून बर्फ पडला नाही तर मशीननं पाडतात, पण सगळ्यात अवघड उतारावर तो टिकवतात कसा?

तारीख १३ फेब्रुवारी २०२२. बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचा एकच खेळाडू होता, काश्मीरमधल्या गुलमर्गचा आरिफ खान. त्या दिवशी यानचिंगच्या डोंगरावर पुरुषांची जायंट स्लॅलम शर्यत होती. बर्फ इतका पडत होता की खेळाडूंना पुढचं नीट दिसेना. बरेच जण मधेच बाद झाले. आरिफनं दोन्ही फेऱ्या पूर्ण केल्या आणि तो ४५ वा आला.

गंमत अशी की त्या दिवशी आकाशातून बर्फ पडत होता, पण ज्या टणक थरावर शर्यत चालली होती तो आकाशातून आलेलाच नव्हता. तो मशीननं बनवला होता.

यानचिंग हा बीजिंगजवळचा डोंगराळ भाग. तिथं थंडी कडाक्याची, पण हिवाळा कोरडा. त्यामुळं ते ऑलिम्पिक जवळपास पूर्णपणे कृत्रिम बर्फावर झालं. तेव्हाचे फोटो तुमच्या फीडमध्येही आले असतील. सगळा डोंगर तपकिरी आणि त्यातून खाली येणारे पांढरे पट्टे.

सपाट मैदानात मशीननं बर्फ पसरवणं समजू शकतं. पण जिथं उभं राहायलाही भीती वाटेल अशा उतारावर हे कसं करतात? आणि एवढा खटाटोप कशासाठी? सगळं सोप्या भाषेत समजून घेऊ.

अवघड उतार म्हणजे नेमका किती अवघड?

स्की रिसॉर्टमध्ये प्रत्येक उताराला खूण असते. अमेरिकेत हिरवा गोल म्हणजे शिकाऊ लोकांसाठी, निळा चौकोन म्हणजे मध्यम आणि काळा हिरा म्हणजे तरबेज लोकांसाठी. दोन काळे हिरे दिसले तर समजायचं, खात्री असेल तरच पुढं जा. युरोपात काळा रंग सगळ्यात अवघड उताराचा.

ऑस्ट्रियातल्या किट्झब्यूलची ‘स्ट्राइफ’ ही जगातल्या सगळ्यात धोकादायक शर्यतींपैकी एक. लांबी ३,३१२ मीटर आणि सगळ्यात तीव्र जागी चढ ८५ टक्के, म्हणजे साधारण ४० अंशांचा कोन. आपल्याकडच्या घाटरस्त्याचा चढ १० टक्के असला तरी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकावी लागते. यावरून अंदाज बांधा.

मशीन बर्फ बनवतं कसं?

मराठीत आपण फ्रीजमधल्या खड्यालाही बर्फ म्हणतो आणि काश्मीरमध्ये पडतो त्यालाही बर्फच. पण स्की रिसॉर्टला हवा असतो भुरभुरीत, दाणेदार बर्फ. तो बनवायला स्नो गन लागते.

याची सुरुवात झाली १९५० मध्ये, अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात. वेन पिअर्स, आर्ट हंट आणि डेव्ह रिची हे तिघं स्की बनवण्याच्या धंद्यात होते. बर्फ पडला नाही की धंदा बसायचा. त्यांनी रंग फवारायचा कंप्रेसर, एक नोझल आणि बागेला पाणी घालायचा पाइप एकत्र जोडला आणि थंड हवेत पाणी फवारलं. खाली बर्फ पडला.

आजच्या स्नो गनचं तत्त्व तेच आहे. पाण्याचे अगदी बारीक थेंब हवेत उडवायचे. सोबत दाबाखालची हवा सोडायची. ही हवा बाहेर येताच झपकन प्रसरण पावते आणि गार होते. त्यात बर्फाचे सूक्ष्म कण तयार होतात. हे कण विरजणासारखे काम करतात. बाकीचे थेंब त्यांना चिकटतात आणि जमिनीवर पडेपर्यंत गोठतात.

विरजण का लागतं? कारण शुद्ध पाण्याचा बारीक थेंब शून्य अंशाला गोठतोच असं नाही. त्याला धरून ठेवायला काही मिळालं नाही तर तो उणे ३५ अंशांच्या खालीही द्रव राहू शकतो. म्हणून काही ठिकाणी पाण्यात एका जिवाणूपासून मिळवलेलं प्रथिन मिसळतात. स्यूडोमोनास सिरिंजी असं त्याचं नाव. हाच जिवाणू शेतात पिकांवर दव गोठवून नुकसान करतो, इथं तो कामाला येतो.

नागपूरचा कूलर आणि स्नो गन यांचा काय संबंध?

नागपुरात उन्हाळ्यात कूलर मस्त चालतो. तोच कूलर मुंबईत लावला तर नुसता दमटपणा वाढतो. कारण पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते, पण हवा आधीच दमट असेल तर वाफ होणार कशी?

स्नो गनचंही तसंच. थेंब हवेत उडतो तेव्हा त्यातल्या थोड्या पाण्याची वाफ होते आणि उरलेला थेंब आणखी गार होतो. म्हणून बर्फ बनवणारे लोक नुसतं तापमान बघत नाहीत. ते ‘वेट बल्ब’ तापमान बघतात, म्हणजे तापमान आणि दमटपणा यांचा एकत्रित हिशोब. हा आकडा साधारण उणे २ अंशांच्या खाली गेला की काम सुरू करता येतं.

त्यामुळं हवा कोरडी असेल तर १ अंश तापमानातही बर्फ बनू शकतो. आणि हवा दमट असेल तर उणे १ अंशातही नुसतं पाणीच पडतं.

मग अवघड उतारावर अडचण कुठं येते?

पहिली अडचण पाणी वर नेण्याची. पाणी साठवलेलं असतं खाली तलावात आणि उतार सुरू होतो डोंगराच्या माथ्यावर. पाणी दर १० मीटर वर चढवायला साधारण एक वातावरण इतका जास्तीचा दाब लागतो. म्हणजे ५०० मीटर वर न्यायचं तर ५० पट. वर पोहोचल्यावर फवारायला लागणारा दाब वेगळाच. यानचिंगमध्ये तर उतरणीच्या मुख्य शर्यतीत वरचं आणि खालचं टोक यांच्यात जवळपास ९०० मीटरचा फरक होता. त्यामुळं एवढ्या उंचीवर पाणी एका दमात न नेता टप्प्याटप्प्यानं पंप बसवून नेतात.

दुसरी अडचण, बर्फ जागेवर राहत नाही. तीव्र उतारावर प्रत्येक जण वेग आवरायला स्कीची धार आडवी लावतो. त्या धारेनं बर्फ खरवडला जातो आणि खाली सरकतो. दिवसभरात वरचा भाग उघडा पडतो आणि खाली ढीग साठतो. त्यात अवघड उतारावर खडक आणि झाडांचे बुंधे जास्त. गवताळ सोप्या उतारावर पातळ थर चालून जातो, इथं जाड थर नसेल तर स्की थेट दगडावर जाते.

तिसरी अडचण तो पसरवण्याची. स्नो गन बर्फाचे ढीग करते. ते सपाट करायला रणगाड्यासारख्या पट्ट्यांचं मशीन लागतं. पण ४० अंशांच्या उतारावर ते मशीन स्वतःच घसरेल. म्हणून ते वरच्या बाजूला जाड तारेनं बांधतात. मशीनवरच्या चरखीवर ती तार गुंडाळली-सोडली जाते आणि तिच्या आधारानं ते वर-खाली करतं. रात्री असं मशीन चालू असेल तेव्हा त्या उतारावर जायची सक्त मनाई असते. अंधारात ती ताणलेली तार दिसत नाही आणि ती जीवघेणी ठरू शकते.

चौथी अडचण माणसांची. बर्फ बनवायचं काम बहुतेक रात्री चालतं, कारण थंडी तेव्हाच असते. कामगार पाठीवर आणि खांद्यावर जड पाइप घेऊन त्या निसरड्या उतारावर चढतात. पाणी मधेच थांबलं तर पाइप काही वेळात आतून गोठतो. वारा फिरला तर बर्फ झाडीत जातो, म्हणून गनचं तोंड पुन्हा फिरवावं लागतं. सकाळी पर्यटक येतात तेव्हा ही मंडळी झोपायला गेलेली असतात.

एवढा खटाटोप कशासाठी?

अमेरिकेतल्या व्हरमॉन्ट राज्यातलं किलिंग्टन रिसॉर्ट याचं चांगलं उदाहरण. तिथल्या ‘सुपरस्टार’ या अवघड उतारावर २०१६ पासून नोव्हेंबरच्या शेवटी महिलांच्या वर्ल्ड कप शर्यती व्हायला लागल्या. नोव्हेंबरमध्ये तिथं पुरेसा बर्फ पडेलच याची खात्री नसते. शर्यतीच्या आधी आंतरराष्ट्रीय संघटना बर्फाची पाहणी करते आणि तो पुरेसा नसेल तर शर्यत रद्द होते. त्यामुळं स्नो गनशिवाय पर्यायच नाही. मिकेला शिफ्रिननं याच उतारावर सहा वेळा स्लॅलम जिंकली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ती इथंच पडून जबर जखमीही झाली.

आणखी एक कारण आहे. ताजा नैसर्गिक बर्फ हलका असतो, एका घनमीटरमध्ये साधारण ५० ते १०० किलो. मशीनचा बर्फ ४०० ते ५०० किलोपर्यंत भरतो. तो घट्ट असतो, म्हणून उशिरा वितळतो. सुपरस्टारवर त्याचे इतके जाड थर रचतात की आजूबाजूचा डोंगर हिरवा झाल्यावरही मे महिन्यात तिथं स्कीइंग चालू असतं. वर्ल्ड कपसाठी तर बर्फात पाणी मुरवून तो आणखी कडक करतात, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या खेळाडूला शक्यतो सारखाच पृष्ठभाग मिळतो.

पण सगळ्यांना हे आवडतं असं नाही. अनेक तरबेज स्कीअर अवघड उतारावर जातात ते मऊ, न दाबलेल्या बर्फासाठीच. त्यांना मशीनचा कडक बर्फ नको असतो. शिवाय त्यावर पडलं तर लागतंही जोरात आणि माणूस घसरत लांबवर जातो.

रिसॉर्टचा हिशोब वेगळा असतो. पाणी, वीज आणि थंड रात्री मोजक्याच. बहुतेक गिऱ्हाइकं सोप्या आणि मध्यम उतारांवर येतात. म्हणून पहिला बर्फ तिथं पडतो आणि अवघड उतारांची पाळी बहुतेक ठिकाणी शेवटी येते.

याची किंमत कोण मोजतं?

एक एकर जागेवर एक फूट थर द्यायचा तर ५ ते ६ लाख लिटर पाणी लागतं. त्यातलं बरंचसं वितळून परत ओढ्यात जातं, पण ते उचललं जातं हिवाळ्यात, जेव्हा ओढ्यांना पाणी कमी असतं. ॲरिझोनात तर सांडपाणी शुद्ध करून त्याचा बर्फ बनवायचा निर्णय झाला तेव्हा होपी, नवाहो आणि इतर आदिवासी समाज कोर्टात गेले, कारण तो डोंगर त्यांना पवित्र आहे. २००८ मध्ये ते केस हरले आणि पुढं तिथं तसाच बर्फ बनायला लागला.

आणि हा उपाय कायमचा नाही. ‘नेचर क्लायमेट चेंज’ या नियतकालिकात २०२३ मध्ये युरोपातल्या २,२३४ स्की रिसॉर्टचा अभ्यास आला. पृथ्वीचं तापमान २ अंशांनी वाढलं तर त्यातल्या ५३ टक्के रिसॉर्टना बर्फटंचाईचा फार मोठा धोका आहे. निम्म्या भागावर मशीननं बर्फ बनवला तर हा आकडा २७ टक्क्यांवर येतो. पण तापमान ४ अंशांनी वाढलं तर मशीन लावूनही ७१ टक्के रिसॉर्ट धोक्यातच राहतात. शेवटी स्नो गनलाही थंड रात्र लागतेच.

आपल्याकडं गुलमर्गमध्ये याची चुणूक दिसली आहे. जानेवारी २०२४ मध्ये तिथले उतार कोरडे पडले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुरेसा बर्फ नसल्यानं तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा पुढं ढकलाव्या लागल्या आणि त्या मार्चमध्ये झाल्या. गंडोलानं जवळपास ३,९०० मीटरवर गेल्यावर लागणारे अफरवटचे अवघड उतार जगभरातल्या स्कीअरना खुणावतात ते तिथल्या नैसर्गिक बर्फामुळं. तिथले गाईड, स्की भाड्यानं देणारे, घोडेवाले, हॉटेलवाले अशा सगळ्यांचं वर्ष त्या दोन-तीन महिन्यांवर अवलंबून असतं.

आरिफ खान अशाच उतारांवर स्की शिकला. तिथली पुढची पिढी कोणत्या बर्फावर शिकणार, हे आता थंड रात्री किती उरतात त्यावर ठरणार आहे.