आधी सांगायचं ना!

दुपारचं जेवणखाण आवरून रेडिओ लावला असेल, तर जरा पाय पसरून बसा. घरात पाय पसरायला हरकत नाही. रिक्षात पसरणाऱ्यांविषयीच आज बोलायचंय.

आमच्या शेजारची एक मुलगी कल्याणला टॅलीच्या क्लासला जात होती. कल्याण नाक्यावरून शेअर रिक्षा, मग रांजणोली, कोनगाव, दुर्गाडीचा पूल, की आलं कल्याण. महिनाभर गेली आणि एकदम घरी बसली. आई म्हणे, डोकं दुखतंय. पुढच्या आठवड्यातही डोकं दुखतच होतं. शेवटी लसूण सोलायला म्हणून मी तिला बोलावून घेतलं, तेव्हा खरं कारण कळलं. सकाळच्या त्याच वेळेला एक माणूस रोज रिक्षात असायचा. दोन्ही पाय पसरून बसायचा, मोबाइल स्पीकरवर लावायचा आणि त्याचं कोपर हिच्या बरगडीत. "मावशी, तसा वाईट नव्हता तो," ती म्हणाली, "पण मी तिथे नाहीच, अशा थाटात बसायचा. मी अर्धी सीटवर, अर्धी हवेत." घरी तिने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर घरचे म्हणाले असते, मग नको जाऊस. म्हणून घरच्यांनी थांबवायच्या आधी तीच थांबली. फी भरून झाली होती.

मी विचारलं, "तू त्याला काही म्हणालीस का?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी तिला चालत्या रिक्षातून उडी मारायला सांगतेय.

हाच प्रश्न आणि हीच नजर अमेरिकेत एका जावयाच्या वाट्याला आली होती. स्टॅनले मिलग्रॅम नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक न्यूयॉर्कला होते. त्यांच्या सासूबाईंनी तक्रार केली, की हल्लीची तरुण मुलं पिकल्या केसांची बाई बघूनही गाडीत उठत नाहीत. जावयाने विचारलं, तुम्ही कुणाकडे जागा मागितलीत का? सासूबाईंनी जावयालाच वेड्यात काढलं. पण मिलग्रॅम यांच्या डोक्यातून तो विषय जाईना. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना तिथल्या भुयारी रेल्वेत पाठवलं. काम एवढंच, की बसलेल्या अनोळखी माणसाला म्हणायचं, माफ करा, तुमची जागा मला द्याल का? आजारपणाचं सोंग नाही, थकल्याचं सोंग नाही. चांगली धडधाकट पोरं. तुम्हाला काय वाटतं, कितींनी जागा दिली असेल? शंभरात ६८ जण उठले किंवा सरकले तरी.

पुढची गंमत ऐका. काही विद्यार्थ्यांना एक फुसकं कारण द्यायला सांगितलं होतं, की उभ्याने मला पुस्तक वाचता येत नाही. तर जागा देणारे ६८ वरून ४२ वर आले. कारण ऐकलं की माणूस ते तपासायला लागतो. "मग नका वाचू," असं त्याच्या मनात येतं आणि तो बसून राहतो. आपण बायका नेमक्या इथेच फसतो. "अहो, जरा सरकता का, म्हणजे काय झालं, माझ्याकडे पिशवी आहे, आणि मला कोनगावला उतरायचंय, आणि पाठीचं पण जरा..." तोवर त्याचं लक्ष पुन्हा मोबाइलमध्ये गेलेलं असतं. कोपर लागतंय, एवढं पुरे आहे. पाठीचा इतिहास त्याला ऐकवायची गरज नाही.

मला मात्र त्या प्रयोगातली सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. विद्यार्थी कुरकुरायला लागले, म्हणून मिलग्रॅम स्वतः गाडीत गेले, तर शब्द त्यांच्या घशातच अडकले. शेवटी कसंबसं बोलले आणि जागा मिळाली. पण मिळाल्यावर इतकं ओशाळल्यासारखं झालं, की ते मान खाली घालून खरोखरच आजारी असल्यासारखे बसले, चेहरासुद्धा उतरला. एवढा मोठा प्राध्यापक, पुरुष, स्वतःच्या शहरात! तेव्हा आपल्या घशात आवंढा येतो तो काही भिवंडीच्या बायका बुजऱ्या म्हणून येतो असं समजू नका. अनोळखी माणसाकडे काही मागताना तो सगळ्यांनाच येतो. आणि तो आवंढा समोरच्याला दिसत नाही.

म्हणून बोलायचं ते लवकर बोलायचं. पहिल्या नाक्यालाच. आपण काय करतो, पहिल्या दिवशी सोसतो, दहाव्या दिवशीही सोसतो आणि अकराव्या दिवशी दहा दिवसांचं एकदम बाहेर काढतो. मग तोंडातून "कोपर घ्या" असं निघत नाही. "घरात आयाबहिणी नाहीत का?" असं निघतं. झालं! आता कोपराचा विषय संपला आणि त्याच्या घराण्याचा सुरू झाला. रिक्षातले सगळे बघतायत म्हटल्यावर तो माघार कशी घेईल? वस्तूचं नाव घ्यावं, माणसाच्या वळणाचं घेऊ नये. "दादा, कोपर लागतंय, पुढे घ्या." "काका, आवाज कमी करा." आणि म्हणून झालं की बाहेर बघायचं. त्याच्याकडे टक लावून बघत बसलं, तर सरकताना त्याला हरल्यासारखं वाटतं. आपण बाहेर बघतो तेवढ्यात तो गुपचूप सरकतो. मी हे कितीतरी वेळा पाहिलंय.

नात्याचा शब्द मात्र सोडू नका. दादा, काका, भाऊ, चाचा, भाईजान, पद्मानगरकडे असाल तर अण्णा. हा शब्द लागला की बोलणं भांडणाचं वाटत नाही.

आता आपल्या गावाबद्दल एक सांगते, आणि यात चूक माझीच आहे. एका दवाखान्यात केस पेपरच्या रांगेत मी तासभर उभी होते. एक म्हातारी बाई सरळ पुढे घुसली, खिडकीशी जाऊन मोठमोठ्याने बोलायला लागली. मी ओरडले, "एवढी माणसं उभी आहेत, दिसत नाहीत का?" तिने वळूनही पाहिलं नाही. मी आणखी चार शब्द जास्त बोलले. मग तिची सून धावत आली. म्हणाली, "ताई, त्यांना ऐकू येत नाही. वीस वर्षं लूममध्ये कांड्या भरल्यात. कानाचा डॉक्टर कुठे बसतो, ते विचारत होत्या." रांगेतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले.

आपल्याकडे लूमची खटखट ऐकतच पोरं मोठी होतात. त्या आवाजात हळू बोलून चालत नाही, आणि मग बाहेर आल्यावरही आवाज खाली येत नाही. शिवाय हे गाव किती बोलींचं! आगरी माणूस मोठ्यांनाही सहज "तू" म्हणतो, त्यात अपमान नसतो. उत्तर प्रदेशातून आलेला कारागीर, तेलुगू विणकर, कोकणी मुसलमान, गोदामात आलेला ट्रकवाला, प्रत्येकाची बोलायची रीत निराळी. जोरात बोलला म्हणजे उद्धट, "तू" म्हणाला म्हणजे उर्मट, असा हिशेब धरला तर आपलं आयुष्य भिवंडीत भांडण्यातच जाईल.

आणि भांडण इथे फक्त दोघांचं राहत नाही, हे या गावाने भोगलंय. १९७० आणि १९८४ च्या दंगली ज्यांच्या घरात अजून आठवतात, त्यांना मी काय सांगावं? पण त्यानंतरची गोष्ट आपल्या मुलींना माहीत नसते. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सुरेश खोपडे हे इथे पोलीस उपायुक्त होते. त्यांनी गल्लोगल्ली मोहल्ला कमिट्या काढल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं आणि त्या भागाचा पोलीस नेमाने एकत्र बसायचे. बोलणं कशावर? बऱ्याचदा अगदी किरकोळ गोष्टींवर, शेजाऱ्याशेजाऱ्यांच्या कुरबुरींवर. ते तिथल्या तिथे मिटवायचं. पुढे डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. बाहेरच्या लोकांना नवल वाटलं. कुरबूर लहान असतानाच तोंडावर बोलायची, आणि ज्याच्याशी बोलायचं तो आधीपासून ओळखीचा असायचा, एवढंच त्यात होतं. एवढंच म्हणते खरी, पण ते करायला संध्याकाळच्या संध्याकाळी घालवाव्या लागतात.

ही ओळख आपण रिक्षातही करून ठेवू शकतो. याबद्दलही एक प्रयोग आहे, आणि तो रेडिओचाच आहे म्हणून तुम्हाला सांगायलाच हवा. थॉमस मोरियार्टी नावाच्या संशोधकाने न्यूयॉर्कजवळच्या समुद्रकिनाऱ्यावर तो केला, १९७५ मध्ये छापून आला. एक माणूस चादर पसरून रेडिओ लावून बसतो आणि थोड्या वेळाने उठून जातो. मग दुसरा येऊन रेडिओ उचलून चालायला लागतो. चोर अर्थात ठरवलेला. शेजारचे लोक अडवतात का, ते बघायचं होतं. जाताना रेडिओवाला शेजाऱ्याशी काहीतरी भलतंच बोलून गेला होता, तेव्हा २० पैकी फक्त ४ जणांनी चोराला हटकलं. पण जाताना "जरा माझ्या सामानाकडे बघाल का?" एवढं म्हणून गेला होता, तेव्हा २० पैकी १९ जणांनी. किनारा तोच, तशीच माणसं. फरक एका वाक्याचा.

म्हणजे गर्दीत कुणी मदत करत नाही असं आपण म्हणतो, तेव्हा आपण कुणा एकाला सांगितलेलं असतं का? "कुणीतरी बघा हो" म्हटलं की प्रत्येकाला वाटतं, तो कुणीतरी दुसरा आहे. रिक्षात बसताना शेजारच्या बाईशी एक शब्द बोलून ठेवा. कुठे उतरणार, आज ट्रॅफिक किती, अंजूरफाट्याला ट्रक किती अडकलेत, काहीही. नंतर गरज पडली तर ती परकी राहत नाही. एसटीत कंडक्टरला नेमकं सांगा, "ही बायकांची सीट आहे, यांना उठवून द्या." तुम्ही आणि तो माणूस तासभर वाद घालण्यापेक्षा ज्याचं काम आहे त्याला करू द्या.

काही बोलणं मात्र उत्तर देण्याच्याही लायकीचं नसतं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून "सगळ्या फिरायला निघाल्या" हे ऐकलं नसेल अशी बाई मला अजून भेटायची आहे. तिकीट कंडक्टर देतो, तो टोमणेवाला देत नाही. मी खिडकीची जागा बघते.

इथे थांबून एक रेघ मारते. आत्तापर्यंत बोलले ते बेपर्वा माणसाबद्दल. मुद्दाम अंगचटीला येणारा, घाणेरडं बोलणारा, रोज पाठलाग करणारा माणूस यात येत नाही. त्याला "दादा" म्हणायचं नाही. तिथे आवाज चढवायचा, "निळा शर्ट, हात काढ!" असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, म्हणजे नजरा त्याच्याकडे वळतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात लैंगिक छळासाठी कलम ७५, पाठलागासाठी ७८ आणि बाईचा विनयभंग करण्याच्या हेतूने केलेल्या शब्दांसाठी, हावभावांसाठी ७९ आहे. फोन ११२. आणि रिक्षा भिवंडीच्या हद्दीत होती की कल्याणच्या, यावर अडून राहू नका. गुन्ह्याची तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवून घ्यावी लागते, ते पुढे योग्य ठिकाणी पाठवतात.

आणि माणूस प्यायलेला असेल, टोळकं असेल, रस्ता सुनसान असेल, तर माझं हे सगळं भाषण विसरून जा. गाडी सोडा, दुकानात शिरा, दुसरी रिक्षा पकडा. वीस रुपये गेले तर गेले.

आमच्या मुलीची ती बॅच गेली ती गेलीच. पुढच्या बॅचला तिने पुन्हा पैसे भरले, अर्धे मी दिले, तिच्या आईला माहीत नाही. निघायच्या आधी चार दिवस आमच्या सोफ्यावर तालीम केली. मी पाय पसरून बसायची आणि ती मला म्हणायची, "काका, कोपर." पहिल्या दिवशी तर दोघी नुसत्या हसलो. तो माणूस तिला तिसऱ्या दिवशी भेटला. रांजणोली यायच्या आधीच ती बोलली. त्याने मोबाइलमधून मान वर केली, कोपर घेतलं, पायही घेतले आणि म्हणाला, "आधी सांगायचं ना!"

तिला रागच आला. महिनाभराची फी आणि हा म्हणतो, आधी सांगायचं ना.

गेल्या आठवड्यात मी ठाण्याहून एसटीने येत होते. शेजारच्या सीटवर माझी पिशवी होती. कशेळीचा पूल यायच्या आत एक कॉलेजची पोरगी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, पिशवी खाली घ्या." जरा, प्लीज, काही नाही. माझ्या जिभेवर आलं होतं, "बोलायची काही पद्धत?" पिशवीत अंडी होती, तेही सांगावंसं वाटलं. काही न बोलता पिशवी मांडीवर घेतली. ती बसली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.