स्पिटलफील्ड्सचे अस्थिगृह

लंडनच्या पूर्व भागात, स्पिटलफील्ड्सच्या बाजाराला लागून बिशप्स स्क्वेअर नावाचा चौक आहे. भोवताली काचेच्या उंच कचेऱ्या. याच चौकाच्या फरशीखाली, १३२० च्या सुमारास बांधलेल्या एका चॅपेलचे तळघर शिल्लक आहे. ते बांधले होते मृतांची हाडे ठेवायला.

शेजारी सेंट मेरी स्पिटल हा मठ होता आणि त्याचे रुग्णालय. वॉल्टर ब्रुनस आणि त्याची पत्नी रोइसिया यांनी ११९७ साली ते स्थापन केले. गोरगरीब, आजारी माणसे तिथे आसऱ्याला येत. अनेकजण तिथेच मरत. नवी कबर खणताना जुनी हाडे वर यायची. आपल्याकडे अस्थी नदीत सोडल्या की देहाचे सगळे संपते. तिथल्या श्रद्धेप्रमाणे मात्र अखेरच्या न्यायाच्या दिवशी मेलेले देहासह उठणार होते, म्हणून ती हाडे पवित्र जागेतच राहायला हवी होती. खाली हाडे, आणि वरच्या चॅपेलमध्ये मृतांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना. ज्यांचे नाव घेणारेही कोणी उरले नव्हते त्यांच्यासाठी एवढी इमारत उभारावी, हे मला फार मोठे वाटते.

१५३९ मध्ये आठव्या हेन्रीच्या राजवटीत मठ बंद झाला. अशा जागांचे पुढे काय झाले ते सेंट पॉल कॅथेड्रलच्या अस्थिगृहावरून कळते: १५४९ मध्ये तिथली हाडे हजाराहून अधिक गाड्या भरून फिन्सबरीच्या शेतात नेऊन टाकली, असे सोळाव्या शतकातला लंडनचा इतिहासकार जॉन स्टो याने लिहून ठेवले आहे. स्पिटलच्या चॅपेलचे राहते घर झाले, १७०० च्या सुमारास तेही पाडले गेले. तळघर जमिनीखाली होते म्हणून वाचले आणि लोकांच्या विस्मरणात गेले. १९९९ मध्ये उत्खननात ते सापडले.

१९९१ ते २००७ या काळात या परिसरात साडेदहा हजारांहून अधिक सांगाडे निघाले. त्यांतले हजारो सामूहिक खड्ड्यांत, थरावर थर रचलेले. आधी वाटले, १३४८ च्या प्लेगचे बळी. कार्बन कालमापनाने मात्र बरेचसे खड्डे त्याच्या सुमारे शंभर वर्षे आधीचे ठरवले. १२५७ मध्ये इंडोनेशियातल्या लोंबोक बेटावर समालास ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला होता. अशा स्फोटाने दूरदूरचे हवामान थंडावून पिके बुडू शकतात. १२५८ मध्ये इंग्लंडमध्ये दुष्काळ पडला आणि लंडनमध्ये उपासमारीने माणसे मेली. या दोन गोष्टींची आणि खड्ड्यांची सांगड संशोधकांनी घातली आहे.

कचेऱ्यांची नवी इमारत उभारताना तळघर जागच्या जागी राखले गेले. काचेतून ते पाहता येते. पाहताना वरचे चॅपेल मनाने उभे करावे. एरवी दिसतात त्या फक्त रिकाम्या दगडी भिंती.