परसबाग, पेरू आणि कुंपणावरची बिट्टी

मृगाचा पाऊस पडला की दवाखान्यात दोन प्रकारचे रुग्ण वाढतात. एक तापाचे, दुसरे हातापायाला काटा किंवा कुदळ लागलेले. हे दुसरे बहुतेक परसबागेच्या हौशीतून आलेले असतात. त्यांना मी रागावत नाही, कारण तीच हौस मलाही आहे.

पपईची रोपे, जास्वंदीच्या फांद्या, दसऱ्यासाठी झेंडू हे सारे याच दिवसांत लावायचे. पपईचे झाड नर की मादी हे फुले आल्याशिवाय कळत नाही, म्हणून एका खड्ड्यात दोन-तीन रोपे लावावीत. मात्र माती व शेणखतात धनुर्वाताचे जंतू सुप्तावस्थेत असतात. जखम किती मोठी, याला फारसे महत्त्व नाही. गुलाबाच्या काट्याची बारीक पण खोल जखमही घातक ठरू शकते. जखम साबणाने व वाहत्या पाण्याने धुवावी. तीवर चुना, शेण, माती लावू नये. लहानपणी लसी पूर्ण झाल्या असतील तर मोठ्यांनी दर दहा वर्षांनी एक इंजेक्शन घ्यावे. जखम मातीने माखलेली असेल आणि मागच्या इंजेक्शनला पाच वर्षे उलटली असतील, तर पुन्हा घ्यावे लागते.

पावसाळ्यात कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासाव्यात. नुसते पाणी ओतून भागत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी ताटलीच्या कडेला चिकटून राहतात आणि कोरडी असूनही कित्येक महिने टिकतात.

थंडीत शेवंती फुलते आणि पेरू पिकतो. संत्र्याचे कौतुक फार होते. पण शंभर ग्रॅम पेरूत सुमारे दोनशे मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व असते, म्हणजे संत्र्याच्या तिपटीहून अधिक. भाजी-भाकरीतले लोह शरीरात शोषले जाण्यास ते मदत करते. म्हणून रक्त कमी असलेल्या भगिनींनी जेवणाबरोबर पेरूच्या चार फोडी खाव्यात आणि जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये. उन्हाळ्यात मोगऱ्याला पाणी घालायचे ते सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर. भर दुपारी बागेत राबून चक्कर आलेले आजोबा मी दरवर्षी पाहतो.

आता बिट्टी, म्हणजेच पिवळी कण्हेर. गुरे तोंड लावत नाहीत आणि देवाला फुले मिळतात, म्हणून ती घरोघरी कुंपणाला असते. तिच्या बियांनी मुले खेळतात. काही वर्षांपूर्वी पाच वर्षांच्या एका मुलाला रात्री माझ्याकडे आणले. दुपारपासून उलट्या होत होत्या. घरच्यांना वाटले, बाहेरचे खाणे बाधले. मी नाडी पाहिली, तर मिनिटाला जेमतेम पन्नास, तीही मध्येच चुकणारी. उलट्यांनी गळालेल्या मुलाची नाडी जलद हवी होती. खोदून विचारले तेव्हा त्याने बिट्टी फोडून आतला गर खाल्ल्याचे कळले.

या झाडाच्या सर्व भागांत, विशेषतः बीमध्ये, हृदयाची गती बिघडवणारे विष असते. अशा वेळी मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा प्रयत्न करू नये. मूल बरे दिसले तरी थांबू नये, कारण हृदयावरचा परिणाम नंतरही वाढतो. उरलेली बी किंवा फांदी सोबत घेऊन, ईसीजीची व मॉनिटरची सोय असलेल्या रुग्णालयात थेट जावे. मीही त्याला त्याच रात्री जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. मुलगा वाचला, पण आई-वडिलांनी चार रात्री त्या पडद्यावरच्या रेघेकडे पाहत काढल्या.

परतल्यावर वडिलांनी कुंपण मुळासकट काढले आणि तिथे जास्वंद लावली. आजींना शंकरासाठी पांढरे फूल हवे होते, म्हणून कोपऱ्यात अनंत लावला आहे. यंदा त्याला कळ्या धरल्या आहेत.