तालुक्याची टॉकीज : पडदा उघडला ते पडला

टॉकीज म्हणजे? एक सभागृह, एक पडदा. बोलपट आले आणि हे नाव रूढ झाले. टुरिंग टॉकीज मात्र तंबूतली : यंत्र ट्रकमध्ये, मुक्काम जत्रेपुरता.

ठळक तारखा

• ७ जुलै १८९६ : मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ.

• ३ मे १९१३ : दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कोरोनेशनमध्ये प्रदर्शित.

• १४ मार्च १९३१ : 'आलम आरा', पहिला भारतीय बोलपट. पुढच्याच वर्षी प्रभातचा मराठी 'अयोध्येचा राजा'.

केबिनच्या आत

३५ मिलिमीटरची फिल्म, सेकंदाला २४ चौकटी. हजार फुटांचे रीळ सुमारे ११ मिनिटांत संपे, म्हणून प्रोजेक्टर दोन. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका चमकला की ऑपरेटर दुसरे यंत्र सुरू करी. काही सेकंदांनी दुसरा ठिपका, की लगेच बदल. प्रेक्षकांना पत्ताही लागत नसे.

प्रकाश दोन कार्बन कांड्यांमधल्या विजेच्या ज्योतीचा. कांड्या जळून आखूड होत. त्यांच्यातले अंतर खेळभर सांभाळावे लागे.

पडदा का पडला?

• १९८०च्या दशकात व्हिडिओ, १९९०च्या दशकात केबल टीव्ही.

• १९९७ : दिल्लीच्या साकेतमध्ये चार पडद्यांचे पीव्हीआर अनुपम, देशात मल्टिप्लेक्सची लाट सुरू.

• नंतर डिजिटल प्रक्षेपण. रिळांच्या पेट्या थांबल्या. नव्या यंत्रांचा खर्च अनेक छोट्या टॉकीजना झेपला नाही.

पडद्यावर नोंद : 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' (२०१६), महाराष्ट्रातल्या फिरत्या टॉकीजवरचा माहितीपट, कान महोत्सवात प्रदर्शित.