नाकाच्या भरवशावर

गेल्या वर्षी दिवाळीला आम्ही सहकुटुंब श्रीगोंद्याला, माझ्या सासुरवाडीला गेलो होतो. श्रीगोंदे म्हटले की कुणाला शिंद्यांचा वाडा आठवेल, कुणाला शेख महंमदबाबा; आमच्या मुलांना आठवते ती आजोबांची लिंबाची बाग. पाडव्याच्या सकाळी त्याच बागेच्या कडेला आमच्या चिरंजीवांनी एक पराक्रम केला. भुसभुशीत मातीत त्यांनी सुतळी बॉम्ब पुरला, वात तेवढी बाहेर ठेवली, वर तेलाचा रिकामा डबा पालथा घातला आणि मामेभावंडांना लांब उभे करून उदबत्ती टेकवली. डबा जो उडाला तो थेट बांधापलीकडे! पोरांनी टाळ्या पिटल्या.

एवढ्यात पलीकडून आवाज आला, "वर ठेवून उडवा रे पोरांनो, मातीत पुरू नका. पुरलेल्याची मला भीती वाटते."

बोलणारे गृहस्थ उंच, ताठ आणि भरघोस मिशांचे. भीती हा शब्द त्यांच्या तोंडी शोभत नव्हता. मेहुण्याने ओळख करून दिली. सगळा गाव त्यांना हवालदारमामा म्हणतो. लष्कराच्या पशुवैद्यकीय दलात त्यांची नोकरी झाली, आणि तीही कुत्र्यांबरोबर. सुरुंग हुडकणारी कुत्री! मी खुर्ची ओढली, सौभाग्यवतींनी चिवड्याची बशी पुढे केली आणि तो दिवस मामांचाच झाला.

१३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर हल्ला झाला आणि आपले सैन्य सीमेवर जाऊन उभे राहिले, हे वाचकांना आठवत असेल. 'ऑपरेशन पराक्रम' म्हणतात ती हीच मोहीम. पंजाब-राजस्थानच्या सीमेलगत, शेतांमधूनसुद्धा, सुरुंग पेरले गेले. युद्ध झाले नाही. २००२ च्या ऑक्टोबरात सैन्य मागे घेण्याचा निर्णय झाला आणि मग पेरलेले वेचण्याची पाळी आली.

"पेरायला नकाशा असतो, वेचायलाही असतो," मामा म्हणाले, "पण वाळूला नकाशा ठाऊक नसतो. ती सरकते, आणि पोटातले घेऊन सरकते." शिवाय माणसाचा पाय निकामी करणारे छोटे सुरुंग बरेचसे प्लॅस्टिकचे. त्यांत धातू नावापुरता. धातू शोधणारे यंत्र तिथे चाचपडते, नाही तर गंजक्या खिळ्यावर ओरडत बसते. कुत्र्याला धातूशी कर्तव्य नाही. त्याला वास येतो तो स्फोटक दारूचा.

मामांच्या कुत्र्याचे नाव शेरा. लॅब्रॅडोर जातीचा, रंगाने काळा. लष्करी कुत्र्यांची शाळा मीरतला आहे. तिथे दोघांची जोडी जमते आणि शिक्षण दोघांचे होते. मी समजत होतो, कुत्र्याला फार मोठे काही शिकवत असतील. शिकवतात ते एवढेच, की हा वास सापडला की चेंडू मिळतो. आधी उघड्यावर वास, मग डब्यांच्या रांगेत, मग मातीखाली, मग कित्येक दिवस पुरून ठेवलेला. सापडला की कुत्र्याने भुंकायचे नाही, उकरायचे तर नाहीच नाही. गुपचूप खाली बसायचे. "त्याला सुरुंग म्हणजे काय ते कुठे माहीत?" मामा हसून म्हणाले. "तो आपला चेंडू शोधतो. जीव आमचा टांगलेला!"

मग थोडा वेळ ते नुसतेच चिवडा चाळवीत बसले.

"एक दिवस मी त्याच्यावर अविश्वास दाखवला," ते म्हणाले. पहाटेचे काम संपत आले होते. ऊन चढले की कुत्रे धापा टाकू लागते, आणि तोंडाने श्वास घेणाऱ्या कुत्र्याचे नाक कामाचे राहत नाही. शेरा एका जागी बसला. यंत्राने तीच जागा आधी निर्वेध दाखवली होती, नकाशातही तिथे काही नव्हते. मामांना वाटले, दमला, चेंडूसाठी लबाडी करतो आहे. त्यांनी दोरी खेचली. तो उठेना. दुसऱ्यांदा खेचली, रागावून बोलले. शेराने मान फिरवून एकदा त्यांच्याकडे पाहिले आणि पुन्हा जमिनीकडे तोंड करून बसला.

"पुढचे पाऊल मी टाकणारच होतो. का थांबलो, सांगता येत नाही." मागून आलेल्या जवानांनी पोटावर झोपून, सळईने तिरकस टोचत माती बाजूला केली. शेराच्या नाकापासून वीतभर अंतरावर प्लॅस्टिकची चकती निघाली. "त्याला चेंडू दिला. पण दोरी खेचली ती खेचलीच ना साहेब?" वीस-बावीस वर्षांपूर्वीची ती गोष्ट सांगताना हा माणूस माझ्याकडे नव्हे, स्वतःच्या हाताकडे पाहत होता.

हे काम कुत्रीच करतात असे मात्र नाही. बार्ट वीटयेन्स नावाच्या बेल्जियन गृहस्थाने १९९७ मध्ये 'अपोपो' ही संस्था काढली. टांझानियात मोरोगोरो येथे ही संस्था चक्क उंदीर शिकवते. उंदीर म्हणजे आफ्रिकेतला गालात पिशव्या असलेला, मांजराएवढा लांब, आपल्या घुशीचा थोरला भाऊ शोभेल असा. वजन मात्र दीड किलोच्या आतबाहेर. त्याच्या पायाखाली सुरुंग उडत नाही, हा मोठा फायदा. 'टक्' असा आवाज झाला की केळ्याचा तुकडा, एवढ्यावर तो शिकतो. टेनिसच्या मैदानाएवढी जागा हा प्राणी अर्ध्या तासात हुंगून टाकतो. यंत्र घेतलेल्या माणसाला तिथे चार दिवससुद्धा लागतात. मगावा नावाच्या अशाच एका उंदराने कंबोडियात ७१ सुरुंग शोधले. २०२० मध्ये त्याला ब्रिटनच्या 'पीडीएसए' संस्थेने सुवर्णपदक दिले. पुढच्या वर्षी तो रीतसर निवृत्त झाला आणि जानेवारी २०२२ मध्ये वारला. त्याचा विक्रमही रोनिन नावाच्या दुसऱ्या उंदराने मोडला आहे. त्याच्या नावावर शंभरावर सुरुंग जमा आहेत.

"घुशीला पदक!" सौभाग्यवती उद्गारल्या. उसाचे बुडखे कुरतडणाऱ्या जातीबद्दल त्यांच्या माहेरी फारसे प्रेम नाही. "गणपतीच्या पायाशी बसतो तो उगीच का?" सासूबाईंनी आतून सुनावले. क्रोएशियात तर झाग्रेब विद्यापीठातल्या मंडळींनी साखरपाण्याची लालूच दाखवून मधमाश्यांना हे काम शिकवण्याचे प्रयोग केले. पण माशीच्या मागे धावायचे कुणी, हा माझा आपला संसारी प्रश्न.

आपल्या मराठी मुलखालाही हे नाक परके नाही. मुंबईत १९९३ चे बॉम्बस्फोट झाले तेव्हा पोलिसांच्या 'झंजीर' या लॅब्रॅडोरने किती घरे वाचवली असतील याचा हिशेब कोण करणार? त्याने हुडकलेले आरडीएक्सच तीन हजार किलोंच्या वर होते. पुण्यात शिकलेला हा कुत्रा २००० च्या नोव्हेंबरात हाडांच्या कर्करोगाने गेला, तेव्हा त्याला सरकारी इतमामाने निरोप देण्यात आला. आणि सुरुंग तरी सीमेवरच असतात असे कुठे आहे? १ मे २०१९ रोजी, ऐन महाराष्ट्र दिनी, गडचिरोलीत जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगाने आपले पंधरा पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक यांचे प्राण घेतले.

ते नाव निघताच मामा गप्प झाले. मग एकाएकी उठून त्यांनी शीळ घातली. बांधावरून त्यांचा मोत्या धावत आला. गावठी, एक कान मोडलेला. "साहेबांना दाखवू या," म्हणाले. घरातून हिंगाचा खडा मागवला. चिंधीत बांधून तो चिरंजीवांनी बागेत कुठेतरी पुरला आणि माती सारखी केली. लिंबाच्या फुलांचा, शेणखताचा, फटाक्यांच्या दारूचा, नाना वास तिथे भरून राहिले होते. मोत्या वाऱ्याच्या तोंडाने नागमोडी हुंगत निघाला. चौथ्या झाडाशी तो थबकला आणि खाली बसला.

"चुकला!" चिरंजीव ओरडले. "मी पाचव्या झाडाशी पुरलाय!"

मामा हलले नाहीत. "उकरा," एवढेच म्हणाले.

धाकट्या मेव्हणीच्या मुलीने ओंजळभर माती बाजूला केली. चिंधी तिथेच होती. आमचे चिरंजीव झाडे मोजायला चुकले होते.

"चेंडू द्या त्याला आधी," मामा घाईने म्हणाले, "हसताय काय? आधी चेंडू द्या!"